दोन फळ्यांची वाट

तांपेरे, १९ सप्टेंबर १९८८

तौनो,

'प्रिय' मुद्दामच लिहिलेलं नाही. सख्ख्या भावालाही ते कमवावं लागतं.

आज सकाळी आपल्याकडचं साप्ताहिक पोस्टाने आलं. बावीस वर्षं शहरात काढली तरी मी ते बंद केलेलं नाही. गावात कोण गेलं, कुणाचं लग्न ठरलं, ते कळायला नको? कॉफी ओतली, चष्मा लावला, पान तीन उघडलं. 'लेहतोवाराची निसर्गवाट सर्वांसाठी खुली. सात किलोमीटर जंगल आणि दलदल.' खाली फोटो, आणि फोटोत तू. एका हातात नारिंगी रंगाचा डबा, दुसऱ्या हातात ब्रश. चेहऱ्यावर ते हसू, जे तू फक्त पाद्री किंवा पालिकेचा माणूस समोर असला की हसतोस.

तुझ्या हसण्याशी मला कर्तव्य नाही. तुझ्या डाव्या खांद्यामागे जे झाड आहे, त्याच्याशी आहे. शेंड्यापासून दुभंगलेलं, वठलेलं पाइन. त्याच्या बुंध्याशी वाफेच्या सौनातल्या चुलीएवढा दगड. आणि त्या झाडाच्या कपाळावर, तौनो, तू नारिंगी पट्टा ओढला आहेस.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कॉफी तशीच राहिली.

त्या झाडाच्या पलीकडे काय आहे ते मी इथे लिहिणार नाही. पोस्टातली सायमी पाकिटं उघडत नाही असं सगळे म्हणतात, आणि सगळ्यांच्या घरची खबर तिला असते. पण दलदलीत जुलैअखेरीस मधाच्या रंगाचं काय पिकतं, ते तुला सांगायला नको. आपल्या मुलखात माणूस पोटच्या पोराची भानगड चव्हाट्यावर मांडेल, पण हिल्लाच्या फळांची जागा सांगणार नाही. नवरा बायकोला सांगत नाही. भरली बादली घेऊन लोक उलट्या वाटेने घरी येतात. आणि तू, आपल्या आईचा मुलगा, तिथे फळ्या टाकून, पट्टे ओढून, पेपरात फोटो छापून दवंडी पिटलीस.

आईने ती जागा मला १९३१ साली दाखवली. मी पंधरा वर्षांची होते. मागून कुणी येत नाही ना, ते तिने तीनदा थांबून पाहिलं. म्हणाली, 'ही तुझी. तू कुणाला द्यायची ते तुझं तू ठरव, पण एकालाच.' सत्तावन्न वर्षं मी ती सांभाळली. या वर्षी एकच उन्हाळा मला यायला जमलं नाही, इथे कामं होती, तर तेवढ्यात हे. कुंपणानेच शेत खाल्लं, आणखी काय म्हणू?

हिवाळा लागायच्या आत पट्टे पुसायचे, फळ्या काढायच्या आणि वाट दुसरीकडून न्यायची. कशी ते मला विचारू नकोस. आणली तशी न्यायची.

एल्मा


लेहतोवारा, २८ सप्टेंबर

एल्मा,

पत्र मिळालं. तीनदा वाचलं. तिन्ही वेळा त्यात शिव्याच होत्या.

कुठली जागा? कुर्कीसुओच्या दलदलीत दुभंगलेली वठलेली पाइनं चाळीस तरी असतील. आईने तुला काय दाखवलं ते तुला ठाऊक. मला तिने काही दाखवलं नाही, हेही तुला ठाऊक आहे. मग मला कशाचा जाब विचारतेस?

आणि वाट मी चोरून नेलेली नाही. फेब्रुवारीत शाळेत बैठक झाली. भिंतीवर नकाशा होता, त्यावर मी नारिंगी दोरा टाचून वाट आखली होती. तेवीस माणसं होती. मी विचारलं, 'कुणाची हरकत आहे का? वाट इथून नको, असं कुणाला म्हणायचंय का?' एकाने तोंड उघडलं नाही. मी नकाशावरून बोट सरकवत गेलो, तसतशी एकेकाची मान खाली जात गेली. शेजारचा इल्मारी टोपी काढून तिच्यात बघत बसला. सायमी कॉफीत साखर ढवळत राहिली, ती साखर घेत नाही. 'इथून नको' म्हणणाऱ्याला पुढच्या जुलैत लोक नेमके तिथेच शोधणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. दहा मिनिटं सगळे मूग गिळून बसले. मग वेलदोड्याचे पाव आले आणि ठराव पास झाला.

तेव्हा कुणाच्या नावाने बोटं मोडायची असतील तर या गावाच्या स्वभावाच्या नावाने मोड. मी अख्खा उन्हाळा या वाटेवर राबलोय. श्रमदानाला पहिल्या दिवशी अठरा माणसं आली, दुसऱ्या दिवशी सात, नंतर मी आणि इल्मारी. तोही सॉसेज भाजायची वेळ झाली की हजर. डासांनी आम्हाला सोलून खाल्लं. तू तांपेऱ्यात चौथ्या मजल्यावर बसून उंटावरून शेळ्या हाकतेस.

पुढच्या जुलैत ये आणि स्वतः बघ. फळ्या दोन-दोन जोडीने टाकल्यात, डळमळत नाहीत. ओल्या पट्ट्यात उजव्या हाताला कठडासुद्धा केलाय.

कसली कामं होती या उन्हाळ्यात?

तौनो


तांपेरे, ९ ऑक्टोबर

तौनो,

माझी कामं माझ्यापाशी. मी ठणठणीत आहे. रोज बाजारपेठेपर्यंत चालत जाते आणि पिशवी उचलून आणते.

कठडा. पत्रात तो शब्द वाचला आणि मला हसावं की रडावं कळेना. दलदलीत कठडा. पुढे काय करणार आहेस, तिकीटखिडकी? बाकडं टाकून आइस्क्रीम? आपली आई सहाव्या महिन्यात, तुझ्याच वेळी, पाठीवर करंडी घेऊन ती दलदल ओलांडायची. काठी म्हणून एक वाळकी फांदी, ती पण येताना टाकून द्यायची. कुणी तिला कठडा केला नव्हता. आता शहरातले लोक लाल जाकिटं घालून येतील, कठड्याला धरून धरून त्या दगडापर्यंत पोचतील आणि म्हणतील, 'अगबाई, हे पिवळं काय?'

तू विचारतोस, कुठली जागा. अशी सांगायला मी काय खुळी आहे? ज्याला ठाऊक नाही त्याला सांगायचं म्हणजे आईचा शब्द मोडायचा, आणि न सांगावं तर तू विचारणार, मग हरकत कशाची. ही तुझी जुनीच खोड. लहानपणी क्रीम चाटून खायचास आणि वर विचारायचास, कुठला डबा?

बैठकीचं मला कौतुक सांगू नकोस. तेवीस माणसं गप्प बसली याचा अर्थ सगळ्यांना मान्य आहे असा होत नाही. या गावात लोक लग्नातसुद्धा गप्प बसतात. तू सगळं आयुष्य तिथे काढलंस. नकाशावर बोट कुठे असताना कुणाची मान खाली गेली, ते तुला दिसलं. मग दोरा काढून दुसरीकडे टाचायला तुझे हात का रे आखडले? तुझी स्वतःची जागा मात्र वाटेपासून चार किलोमीटर लांब असेल. आहे ना? त्या बाजूला एकही फळी पडली नसणार, हे मी इथे बसून पैजेवर सांगते.

मला खरा राग त्याचा नाही, तौनो. तुला ठाऊक नव्हतं, हे मी मान्य करते. पण मी सांगितल्यावर तरी? बहीण सांगते, तिथून वाट नको. का ते विचारायचं नाही, काढून टाकायची. मी तुझ्याकडे काय मागितलं आजवर? घर तू ठेवलंस, शेत तू ठेवलंस, होडी, सौना, सगळं तुझ्याकडे. माझ्या वाट्याला आईचं एवढंच आलं, चार खोल्यांएवढं शेवाळ आणि त्यावरची फळं. आणि तेही तू गावजेवणाला वाढलंस.

एल्मा


लेहतोवारा, १३ नोव्हेंबर

एल्मा,

बर्फ पडला. आता कुणी काही काढत नाही आणि टाकत नाही.

वाटेचं काम पुरं झालेलं नाही. वसंत येऊ दे. मे महिन्यात जे करायचं ते मी करतो. तोवर गप्प बस, एवढंच सांगणं आहे. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

सायमीच्या भाचीने तुला रस्त्यात पाहिलं म्हणे. काठी घेऊन.

तौनो


तांपेरे, १५ जानेवारी १९८९

तौनो,

तू मला गप्प बस म्हणालास. बहात्तराव्या वर्षी गप्प बसायला मला माझ्या धाकट्या भावाने सांगितलं. मी नाताळभर गप्प बसले. त्या गप्प बसण्यात काय केलं, ते आता ऐक.

सायमीच्या भाचीला सांग, ती काठी बर्फासाठी होती. इथे फुटपाथ घसरडे असतात. लोकांच्या हातात काय आहे ते बघत फिरण्यापेक्षा तिने स्वतःच्या पायांखाली बघावं.

'वसंत येऊ दे.' तुझं हे मी ओळखून आहे. छप्पर गळतं तेव्हाही तू वसंत येऊ दे म्हणतोस. मे येईल, मग जून येईल, तू म्हणशील आता पर्यटक यायला लागले, आता कसं काढू. जुलैअखेरीस तिथे एक फळ उरणार नाही. तेव्हा मी तुझ्या भरवशावर राहिले नाही. थेट प्रांताच्या निसर्गरक्षण कचेरीला पत्र लिहिलं.

हिल्लाचं नाव अर्थातच काढलं नाही. फळांसाठी कोण हलतंय, आणि लिहिलं असतं तर कचेरीतल्या कारकुनानेच बादली घेतली असती. मी लिहिलं की दुभंगलेल्या पाइनजवळ, पालिकेने फळ्या टाकल्या आहेत तिथेच, क्रौंचांची एक जोडी दर वसंतात घरटं करते. गेली पन्नास वर्षं करते. माणसांची वर्दळ झाली तर ती उडून जाईल आणि त्याचं पाप कचेरीच्या माथी बसेल. दलदलीचं नावच कुर्कीसुओ, क्रौंचांची दलदल. ते नाव मी ठेवलेलं नाही. नकाशा काढला, झाडावर फुली मारली, खाली सही केली: एल्मा केत्तुनेन, जन्म लेहतोवारा.

त्या जागी मी क्रौंच कधी पाहिलेले नाहीत. खोटं लिहिलं. आई असती तर तिने या वयातही माझा कान पिळला असता. पण कशासाठी लिहिलं हे कळल्यावर कदाचित अर्धाच पिळला असता.

परवा उत्तर आलं. भला माणूस दिसतो. 'आपल्या जागरूकतेबद्दल आभारी आहोत. दलदल गोठलेली असतानाच आवश्यक ती कारवाई करू.' बघ, दहा ओळींच्या पत्रात सरकार हललं, आणि सख्खा भाऊ दोन पत्रांत हलला नाही.

आता राग मानू नकोस. जुलैत येईन तेव्हा भाकरीसारखं थापलेलं चीज तू भाज, वर घालायची फळं मी आणते.

एल्मा


लेहतोवारा, २८ मे १९८९

एल्मा,

मार्चमध्ये लिहायला बसलो होतो. पेन धरवलं नाही. आता धरतो.

सहा मार्चला कचेरीची माणसं आली. पालिकेचा ट्रॅक्टर बरोबर. दलदल दगडासारखी गोठलेली होती, ट्रॅक्टर थेट आत गेला. दोन दिवसांत त्यांनी जंगलाच्या कडेपासून पाइनपर्यंतच्या सगळ्या फळ्या उखडल्या. तीनशे मीटर. कठडाही उपटला. सगळं भरून घेऊन गेले. मला विचारलं नाही, कारण कागदावर तुझी सही होती आणि आडनाव माझंच होतं. त्यांना वाटलं, घरातूनच मागणी आहे. पट्टे मात्र मलाच खरवडायला लावले. खरवडले. आता वाट टेकडीवरून जाते आणि दलदलीच्या तोंडाशी पाटी आहे: पक्ष्यांचा विणीचा हंगाम, पंधरा जुलैपर्यंत आत जाऊ नये.

तुझी इच्छा पुरी झाली. तिकडे आता कुत्रंही फिरकत नाही. आता माझं ऐक, मध्ये बोलू नकोस. पत्र आहे म्हणून बोलता येणार नाही, हे एक बरं आहे.

१९३१ च्या जुलैत आईने तीनदा मागे वळून पाहिलं, असं तू लिहिलंस. चारदा पाहायला हवं होतं. मी नऊ वर्षांचा होतो. झुडपांतून पोटावर सरपटत आलो होतो. आईने त्या दगडावर तुला बसवलं आणि पहिलं फळ तुझ्या हातावर ठेवलं, ते मी पाहिलं. ती जागा मला त्या दिवसापासून ठाऊक आहे. तिथलं एकही फळ मी आजवर खुडलेलं नाही. ती तुझी होती. बेचाळीस साली तू मला आघाडीवर डबा पाठवलास, झाकणाच्या कडेने मेणबत्ती ओतून बंद केलेला. तो उघडला तेव्हा मला कळलं, हे त्या दगडामागचं आहे. आमच्या खंदकात आठ जण होते. प्रत्येकाला एक-एक चमचा दिला. कुठलं आहे असं त्यांनी विचारलं, तेव्हासुद्धा सांगितलं नाही.

सत्याऐंशीच्या जुलैत तू आलीस. सकाळी बादली घेऊन गेलीस आणि पाच तासांनी परत आलीस. बादली अर्धीही भरली नव्हती, दोन्ही गमबुटांत पाणी आणि कमरेपर्यंत चिखल. म्हणालीस, सौनाच्या पायरीवर घसरले. सौनाची पायरी कोरडी होती, एल्मा. तू मधल्या ओल्या पट्ट्यात पडली होतीस आणि तिथून एकटी बाहेर आली होतीस. किती वेळ लागला असेल ते मी मोजत बसलो होतो अंगणात. तुझ्या मागे जाता येत नव्हतं, कारण गेलो असतो तर मला ठाऊक आहे हे तुला कळलं असतं.

म्हणून वाट. फळ्या मला एकट्याला कुणी दिल्या नसत्या, त्या आखलेल्या वाटेलाच मिळतात. म्हणून आखली. फेब्रुवारीच्या बैठकीत कुणीच उठून नको म्हणणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तू लिहिलंस तसं, मी सगळं आयुष्य इथे काढलंय. वाट सप्टेंबरात मुद्दाम उघडली, फळं संपल्यावर. मे महिन्यात मीच म्हणणार होतो की टेकडीवरून नजारा चांगला आहे, पट्टे तिकडे नेऊ. फळ्या तशाच राहिल्या असत्या. बिनपट्ट्यांच्या फळ्यांवर परका माणूस जात नाही, चुकायला घाबरतो. तू त्यांच्यावरून चालत गेली असतीस. अचानक सापडल्या, असं तुला वाटलं असतं. कठडा उजव्या हाताला, कारण तुझा डावा खुबा अधू आहे. परतताना तो उलट्या बाजूला येतो. त्याला उपाय सापडला नव्हता.

गेल्या जुलैत तू आली नाहीस. खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, सायमीने सांगितलं, तू नाही. मी दगडापर्यंत गेलो. फळं पिकून शेवाळावर गळत होती. मी उभा राहिलो आणि परत आलो.

मी तुला लिहिलं होतं, वसंत येऊ दे, गप्प बस. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नव्हतं. तू आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलास, तोही अधू पायावर. आता त्या दलदलीत तुला नेता येणार नाही. मला, इल्मारीला, कुणालाच नाही.

आणखी एक. या वसंतात क्रौंचांची जोडी आली. पाइनपासून शंभर पावलांवर घरटं आहे. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. शांत जागा दिसली असेल त्यांना.

तौनो


तांपेरे, ११ जून

प्रिय तौनो,

आठ दिवस मी तुझ्यावर संतापले होते. नवव्या दिवशी कळलं की संतापायला तू नाहीस, दुसरंच कुणी आहे, आणि ती आरशात राहते. पण तुझ्यावरचं थोडं शिल्लक आहे, ते आधी देऊन टाकते.

तू चोर आहेस. नऊ वर्षांचा असताना पोटावर सरपटत आलास आणि सत्तावन्न वर्षं माझ्या समोर बसून भाकरीच्या चीजवर माझी हिल्ला खात, 'यंदा कुठून आणलीस गं?' असं विचारत राहिलास. आणि मी दर वर्षी तुला चुकवायला घराला वळसा घालून उत्तरेकडून येत राहिले. तीन किलोमीटर जास्त, तौनो. दर वर्षी. कशासाठी? तुला सगळं ठाऊक होतं आणि तू मला तो वळसा घालू दिलास.

आणि पालिकेला फसवलंस. त्या फळ्या निसर्गप्रेमींसाठी होत्या, एका म्हातारीसाठी नाही. हे मी कुणाला सांगणार नाही.

आणि कुणी सांगितलं रे तुला, की मला चालवत नाही? मला विचारलंस? नाही विचारलंस, आणि विचारलं असतंस तर मी म्हटलं असतं की ठणठणीत आहे. हो, खोटं. आता खरं लिहिते, कारण या घरात खोटं फार झालं. खुब्यात लोखंड आहे. बाजारपेठेपर्यंत जात नाही, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाते, आणि परतताना दोनदा भिंतीला टेकते. सत्याऐंशी साली मी त्या ओल्या पट्ट्यात तास-दीड तास रुतले होते. हाक मारली नाही. मारली असती तर कुणीतरी आलं असतं, आणि आलं असतं तर मी कुठे जात होते ते कळलं असतं. चिखल कमरेशी आला होता आणि मी विचार करत होते की मेले तर मेले, जागा तरी कुणाला कळणार नाही. अशी अक्कल आपल्या आईने आपल्याला दिली, आणि आपण दोघांनी ती जपून ठेवली.

तू मला फळ्या टाकल्यास आणि मी सरकारला लिहून त्या उखडून घेतल्या. हे वाक्य मी लिहून बघितलं. आठ दिवस ते लिहायची हिंमत नव्हती. मला लाज वाटते, तौनो. तुझं ते गप्प राहून केलेलं काम मला कळलं नाही. कठड्यावरून मी तुला तिकीटखिडकी म्हणाले. तेवीस माणसांच्या गप्प बसण्याचा अर्थ लावत बसले, आणि तू गप्प का होतास, तेवढंच मला वाचता आलं नाही.

आता काय करायचं ते मी ठरवलं आहे. मध्ये बोलू नकोस.

आपले वडील वसंतात बर्फ विरघळताना गवताच्या गंज्यांपर्यंत कसे जायचे, आठवतं? दोन फळ्या घेऊन. एकीवर उभं राहायचं, दुसरी पुढे टाकायची, तिच्यावर जायचं, मागची ओढून पुन्हा पुढे टाकायची. ट्रॅक्टरने तीनशे मीटर नेल्या, पण तुझ्या गोठ्यात दोन तरी असतील. दोन पुरतात. मी फळीवर उभी राहीन, तू ओढ. तू दमलास की मी तुझ्यावर ओरडेन, तेवढं मला अजून जमतं.

पंचवीस जुलैच्या बसने येते. काठी घेऊन. आणि या वेळी घराला वळसा घालणार नाही, अंगणातून सरळ जाणार, गावाने खिडक्यांतून बघितलं तरी चालेल. बघू देत. दोन म्हातारी माणसं फळ्या ओढत दलदलीत चालली आहेत, त्यांच्या मागे जायला कुणाला तेवढा वेळ असेल तर त्यालाही खाऊ दे चार फळं.

क्रौंच आले हे बरं झालं. निदान सरकारी कागदावर तरी मी खोटी ठरले नाही.

आईने एकालाच सांगायचं म्हटलं होतं. मला आता कुणाला सांगायचं राहिलं नाही. तुझी जागा कुठे आहे, हे मात्र तुला आता मला सांगावं लागेल.

तुझी बहीण,
एल्मा


लेहतोवारा, २० जुलै

प्रिय एल्मा,

बस पावणेबाराला येते. थांब्यावर मी असेन.

फळ्या दोन आहेत, चार-चार मीटरच्या, स्प्रूसच्या, वाळलेल्या म्हणून हलक्या. एका टोकाला दोरी लावलीय. काल एकट्याने करून पाहिलं. ओल्या पट्ट्याशी थांबलो, पुढे गेलो नाही. तुझ्याशिवाय जायचं नाही. तिथवर एक्केचाळीस वेळा फळी ओढावी लागली. तुझ्यासकट पूर्ण जायला अडीच तास धरतो. मध्ये दोनदा बसायचं. फळीवर ठेवायला दूध काढायचं जुनं तिपाई स्टूल घेतलंय, आईचं.

इल्मारीने पाहिलं. विचारलं, 'हे काय चाललंय?' मी म्हटलं, 'बहीण येतेय.' तो म्हणाला, 'मग तिसरी फळी माझ्याकडची घेऊन जा.' आणि घरात गेला. फळी आधीच दाराशी काढून ठेवलेली होती.

माझी जागा विचारू नकोस. ती मी नाही सांगणार.

येताना मोठी बादली आण, पण उशीर करू नकोस. क्रौंचांना पिल्लू झालंय. रोज सकाळी जंगलाच्या कडेवरून दुर्बिणीने बघतो, तिघंही दगडामागे चरत असतात. पिकलेलं तेवढंच नेमकं निवडून खातात. त्यांना ती जागा कुणी दाखवली, ते मला ठाऊक नाही. मी नाही.

तौनो